हसलं की पायांतला जीव जातो: नार्कोलेप्सी असलेल्यांसाठी आणि त्यांच्या घरच्यांसाठी

अबोली
२२ सप्टेंबर, रात्री ९:१०

आज जागतिक नार्कोलेप्सी दिन. नार्कोलेप्सी म्हणजे दिवसा आवरता न येणारी झोप आणणारा मेंदूचा आजार. दोन वर्षं हा धागा काढायचं मनात होतं, आज लिहूनच टाकते.

मी ३६ वर्षांची. घर अंबरनाथला, नोकरी ठाण्याला, ४ वर्षांची लेक. आजार सुरू झाला १६व्या वर्षी, अकरावीत. त्याचं नाव कळलं २९व्या वर्षी. मधली १३ वर्षं मी आळशी होते, अशक्त होते, माझं अभ्यासात लक्ष नव्हतं, मला बाहेरचं काहीतरी होतं, मला फिट येत होत्या, मला नैराश्य होतं. प्रत्येक गोष्ट वेगळ्या माणसाने सांगितली आणि प्रत्येक वेळी मी ती खरी मानली.

दुपारच्या तासाला डोळे मिटायचे. तसे ते सगळ्यांचेच मिटतात, पण बाईंनी उभं केलं तर मी उभ्याउभ्या झोपायचे. वहीत अक्षरं आधी सरळ असायची, मग ओळ सोडून खाली उतरायची आणि शेवटी नुसती रेघ. अकरावी-बारावीच्या माझ्या प्रत्येक वहीत ती रेघ आहे. हात चालूच असायचा. जाग आल्यावर वाचलं तर भलतेच शब्द लिहिलेले असायचे, ज्यांचा त्या तासाशी काही संबंध नसायचा.

रात्री उलट. दहाला झोपले की बाराला टक्क जाग, मग दोनला, मग चारला. डोळा लागतालागताच स्वप्न सुरू व्हायचं: खोलीत कुणीतरी आलंय, पायथ्याशी उभं आहे, आता छातीवर बसतंय. मला बोटसुद्धा हलवता यायचं नाही, ओरडता यायचं नाही. आईने आजोळी नेलं. तिथल्या देवऋष्याने मुंजाची बाधा सांगितली, अंगारा दिला, उतारा टाकायला लावला. आईला मी दोष देत नाही. तिला जे माहीत होतं ते तिने केलं, आणि कित्येक रात्री ती माझा हात धरून बसून राहिली.

मग मावसबहिणीचं लग्न. मी पंगतीत जिलबी वाढत होते. मामा काहीतरी बोलला, मी खळखळून हसले आणि पायांतला जीवच गेला. ताट सुटलं, मी खाली. मान लुळी, जबडा सैल, तोंडातून शब्द नाही. पण शुद्धीत होते. "कांदा हुंगवा", "पाणी मारा", "पोरीचं लग्न कसं व्हायचं", सगळं ऐकू येत होतं. मिनिटभरात उठून बसले. त्यानंतर दोन वर्षं फिटच्या गोळ्या खाल्ल्या. ईईजी (मेंदूतल्या विद्युतलहरींचा आलेख) दोनदा काढला, दोन्ही वेळा त्यात काही निघालं नाही, तरी गोळ्या चालूच.

त्या लग्नानंतर मी हसणं बंद केलं. ठरवून. मैत्रिणी हसायला लागल्या की मी मनात १७चा पाढा म्हणायचे.

२९व्या वर्षी एका न्यूरॉलॉजिस्टनी माझी जाडजूड फाइल बाजूला ठेवली आणि विचारलं, "खळखळून हसताना कधी पायांतला जीव गेल्यासारखं होतं का?" १३ वर्षांत हा प्रश्न कुणीच विचारला नव्हता. मी मान हलवली. मग बराच वेळ मला बोलताच आलं नाही.

आता रोजचं सांगते, कारण आजाराची माहिती कुठेही मिळते, रोजचं मिळत नाही.

पहाटे साडेपाचला नवरा उठवतो, मोडाफिनिलची, म्हणजे जागं ठेवणाऱ्या औषधाची, गोळी आणि पाणी हातात देतो. गोळी घेऊन मी पुन्हा आडवी होते. तासाभराने ती काम करायला लागली की खरी उठते. नवरा नसेल तर गोळी आणि पाण्याची बाटली उशाशी. जेवण बारालाच, आणि दुपारी भात नाही. सव्वाला ऑफिसच्या विश्रांती कक्षात २० मिनिटं झोप, गजर लावून. संध्याकाळी परतताना पूर्वी कर्जत लोकल पकडायचे. अंबरनाथ कधी गेलं ते कळायचं नाही, तीनदा थेट कर्जतला जाग आली. आता अंबरनाथ किंवा बदलापूर गाडीच घेते, आणि आमच्या गटातल्या बायका उल्हासनगर आलं की खांद्याला हात लावतात. त्यांचे उपकार फार आहेत माझ्यावर.

घरी आल्यावर पुन्हा २० मिनिटं. त्यानंतरच स्वयंपाकघर. घरी कुणी नसताना कढईत तेल तापवत नाही. कुकर आणि टायमरवाली इंडक्शन शेगडी यांवर भागवते. अंघोळीला कडी लावत नाही, स्टुलावर बसून अंघोळ करते.

आणि लेक. ती सहा महिन्यांची असताना पहिल्यांदा मोठ्याने हसली. मी तिला कडेवर घेतलं होतं. तिच्या हसण्याने मला इतका आनंद झाला की हात सुटायला लागले. नवरा शेजारी होता म्हणून तिला झेललं. तेव्हापासून तिच्याशी खेळायचं ते जमिनीवर गादी टाकून, बसून. आता ती स्वतःच सांगते, "आई, तू खाली बस, मग मी गंमत सांगते."

सासूबाईंना मात्र माझं संध्याकाळचं आडवं होणं अजून पटलेलं नाही. "बाहेरून आली की पसरते" हे मी कित्येकदा ऐकलंय. त्याबद्दल पुढे लिहीन.

तुमच्यापैकी कुणाला असेल, घरात कुणाला असेल, तर लिहा. दिवस कसा काढता ते लिहा.

परसबाग
२२ सप्टेंबर, रात्री १०:०२

वाचून गलबलून आलं. एक विचारू का? दुपारी जेवल्यावर आपल्याला येते ती पेंग आणि ही झोप यांत फरक काय?

अबोली
२२ सप्टेंबर, रात्री १०:२०

दोन रात्री सलग जागून काढल्या आणि तिसऱ्या दिवशी खुर्चीत बसलात, तर जसं वाटेल ना, तसं मला रात्रभर झोपून उठल्यावर सकाळी दहाला वाटतं. पेंग झटकता येते, चहा घेतला की जाते. ही झटकता येत नाही. पण १५-२० मिनिटं झोप काढली की दोन-तीन तास डोकं लख्ख होतं. हा फरक मला फार मोठा वाटतो.

काळीमाती
२३ सप्टेंबर, सकाळी ६:४५

ताई, तुमचं हसण्याचं वाचलं आणि रात्री झोप लागली नाही.

मी सातारा जिल्ह्यातला. वय ४१. आमच्या गावच्या यात्रेला कुस्त्यांचं मैदान भरतं. आमच्या तालमीचा पैलवान शेवटच्या कुस्तीला उतरला, हलगी घुमायला लागली, त्यानं समोरच्याला चितपट केलं आणि मी ओरडायला उठलो तो खालीच कोसळलो. असं एकदा नाही, लागोपाठ तीन वर्षं झालं. लोक म्हणायचे पिऊन आलाय. मी आयुष्यात दारूला हात लावलेला नाही, माळकरी घर आहे आमचं. वडिलांना चारचौघांत मान खाली घालावी लागली, ते मला आजारापेक्षा जास्त लागलं.

पुण्याला दाखवलं तेव्हा ३३ वर्षांचा होतो. आता मैदानाला जातो, पण जमिनीवर मांडी घालून बसतो आणि दोन्ही बाजूंना मित्र बसवतो. मान खाली गेली की एक जण हनुवटी धरतो. दोन मिनिटांनी मी ठीक. कुस्ती बघायची सोडलेली नाही.

मेंदूवैद्य
२३ सप्टेंबर, दुपारी २:३०

मी न्यूरॉलॉजिस्ट आहे. अबोली आणि काळीमाती यांनी लिहिलं त्याला कॅटाप्लेक्सी म्हणतात. हसू, आनंद, आश्चर्य, कधी राग, अशा भावनेच्या भरात स्नायूंतलं बळ अचानक जातं. शुद्ध जात नाही, हीच खूण. फिटमध्ये बहुतेकदा नंतर काही आठवत नाही. इथे रुग्ण शब्दन् शब्द सांगतो. दर वेळी माणूस पडतोच असंही नाही. कधी नुसता जबडा सैल होतो, शब्द बोबडे येतात, हातातला कप सुटतो. म्हणून हे विचारावं लागतं, रुग्ण आपणहून सांगत नाहीत.

कारण थोडक्यात सांगतो. मेंदूच्या हायपोथॅलॅमस भागात जेमतेम ५० ते ८० हजार पेशी हायपोक्रेटिन नावाचं रसायन तयार करतात. त्यालाच ओरेक्सिन असंही नाव आहे, कारण १९९८ मध्ये दोन वेगवेगळ्या गटांनी ते जवळजवळ एकाच वेळी शोधलं. जागेपणी जागं आणि झोपेत झोपलेलं ठेवणं, या दोन अवस्थांमधली भिंत टिकवणं, हे त्याचं काम. पहिल्या प्रकारच्या, म्हणजे कॅटाप्लेक्सी असलेल्या, नार्कोलेप्सीत या पेशी जवळजवळ सगळ्या नष्ट झालेल्या असतात. बहुधा शरीराची प्रतिकारशक्तीच चुकून त्यांच्यावर उलटते. भिंत ढासळली की झोप दिवसात शिरते आणि जाग रात्रीत. चोवीस तासांची बेरीज केली तर या रुग्णांची एकूण झोप इतरांहून फार जास्त नसते, हे ऐकून बहुतेक नातेवाईक चकित होतात. स्वप्नांची झोप, जी एरवी तासा-दीड तासाने येते, ती इथे डोळा लागल्याबरोबर येते. त्या झोपेत स्नायू ढिले पडलेले असतात. मन जागं आणि शरीर ढिलं, अशी वेळ आली की छातीवर कुणी बसल्याचा भास होतो. जागेपणी आनंदाने तोच ढिलेपणा आला की कॅटाप्लेक्सी.

स्टॅनफर्ड विद्यापीठात नार्कोलेप्सी असलेले डोबरमन कुत्रे पाळले होते. आवडीचं खाणं समोर आलं की ते आनंदाने कोलमडायचे. १९९९ मध्ये त्यांच्याच अभ्यासातून या रसायनाचा संदेश पेशीत घेणाऱ्या रिसेप्टरच्या जनुकातला दोष सापडला. कुस्तीचं वाचताना मला ते कुत्रे आठवले.

साधारण दोन हजारांत एकाला हा आजार असतो. आईवडिलांना असेल तर मुलांना होण्याची शक्यता १ ते २ टक्के. अबोली, तुम्ही विचारलं नाहीत, पण विचाराल असं वाटलं म्हणून सांगितलं.

अबोली
२३ सप्टेंबर, रात्री ८:५५

डॉक्टर, खरंच तोच प्रश्न लिहून खोडला होता. धन्यवाद.

साधासरळ
२४ सप्टेंबर, सकाळी ९:१५

कुणाला दुखवायचं नाही, मनापासून सांगतो. मलाही ऑफिसात फार झोप यायची. भात सोडला, पहाटे पाचला उठून प्राणायाम सुरू केला, सहा महिन्यांत फरक पडला. रात्रीचा मोबाइल बंद केला. औषधांपेक्षा मनाचा निर्धार महत्त्वाचा, असा माझा अनुभव आहे.

अबोली
२४ सप्टेंबर, रात्री ९:३०

साधासरळ, तुम्ही आपुलकीने लिहिलंत म्हणून सविस्तर उत्तर देते.

दुपारचा भात मीही सोडला, फायदा होतो. प्राणायाम करते, पण शवासन करत नाही, कारण मी तिथेच झोपते. पण निर्धाराचं म्हणाल तर माझ्याइतका निर्धार कुणी केला असेल असं मला वाटत नाही. बारावीला मी पाय बर्फाच्या पाण्यात बुडवून अभ्यास केला. मांडीला चिमटे काढून वळ उठलेले असायचे. जीभ चावून जागी राहायचे. तरी झोप यायचीच, आणि मग वाटायचं की माझा निर्धारच कमी पडला. १३ वर्षं मी स्वतःला तेच सांगत होते. डॉक्टरांनी त्या पेशींबद्दल समजावलं त्या दिवशी पहिल्यांदा वाटलं, मी वाईट मुलगी नव्हते.

माझ्यासारख्या कुणाला पुन्हा निर्धार करायला सांगू नका, एवढीच विनंती.

साधासरळ
२४ सप्टेंबर, रात्री ११:०५

मला खरंच माहीत नव्हतं. क्षमस्व. माझ्या हाताखाली एक मुलगा काम करतो, मीटिंगमध्ये कायम डोळे मिटतो. मी त्याला दोनदा सर्वांसमोर बोललोय. उद्या त्याच्याशी एकट्याने बोलेन.

नाशिकची_आई
२६ सप्टेंबर, दुपारी १२:१०

हा धागा कालपासून चार वेळा वाचला. माझी मुलगी १५ वर्षांची, दहावीत. गेल्या दिवाळीपासून शाळेतून आली की दप्तरासकट झोपते. वजन सात किलोंनी वाढलं. थायरॉइड, हिमोग्लोबिन, ड जीवनसत्त्व, सगळं तपासलं, सगळं ठीक. शाळेतून दोन पत्रं आली. एक शिक्षक पालकसभेत म्हणाले, रात्री मोबाइल बघत असेल. मीही तेच समजून मोबाइल काढून घेतला.

काल रात्री तिला विचारलं, हसताना काही होतं का? ती गप्प झाली. मग म्हणाली, "आई, मैत्रिणी हसल्या की माझी मान पडते, म्हणून मी डबा एकटीच खाते." मला काही सुचत नाहीये. पुढे काय करू?

मेंदूवैद्य
२६ सप्टेंबर, दुपारी ३:४०

ताई, मोबाइल परत द्या आणि तिला सांगा की तिचं काही चुकलेलं नाही. हे आजच करा.

मग निद्राविकार पाहणाऱ्या न्यूरॉलॉजिस्टकडे जा. लहान वयात आजार सुरू झाला की वजन झपाट्याने वाढणं हे नेहमी दिसतं, ते डॉक्टरांना आवर्जून सांगा. आजपासून दोन आठवडे तिच्या झोपेची डायरी ठेवा: कधी झोपली, कधी उठली, दिवसा किती वेळा डोळा लागला, हसताना काय झालं. जमलं तर मान पडतानाचा व्हिडिओ काढा, पण तिची परवानगी घेऊनच.

तपासणी दोन भागांत होते. पहिली रात्र स्लीप लॅबमध्ये झोपायचं, डोक्याला, हनुवटीला, पायांना तारा लावलेल्या असतात. घोरण्यामुळे श्वास अडकतो का, पाय झटकतात का, हे त्यात दिसतं. दुसऱ्या दिवशी एमएसएलटी: दर दोन तासांनी २० मिनिटं अंधाऱ्या खोलीत आडवं व्हायचं, अशा चार-पाच वेळा. सरासरी ८ मिनिटांच्या आत झोप लागली, आणि निदान दोनदा झोप लागल्यापासून १५ मिनिटांत स्वप्नांची झोप आली, तर नार्कोलेप्सीचं निदान पक्कं होतं. नैराश्यावरच्या काही गोळ्या स्वप्नांची झोप दाबतात. तिला अशी कुठली गोळी चालू असेल तर तपासणीआधी ती कधी थांबवायची ते डॉक्टर ठरवतील. स्वतः बंद करू नका.

आणि जे हे वाचतायत त्यांना: मोडाफिनिल परीक्षेत जागायला म्हणून मित्राकडून घेऊ नका. अंगावर पुरळ उठण्याचे गंभीर प्रकार होतात, रक्तदाब वाढतो.

अबोली
२६ सप्टेंबर, रात्री ९:२०

नाशिकची_आई, डबा एकटीने खाण्याचं वाचून मी थांबले. मीही बारावीत डबा जिन्यात बसून खायचे. तिला माझ्याकडून सांगा की एक मैत्रीण पुरे. एकीला सांगायचं, भिंतीला टेकून बसायचं आणि मान पडली तर तिने धरायची. मी कॉलेजात हे कुणाला सांगितलं असतं तर माझे हसण्याचे दिवस वाया गेले नसते.

शाळेशी बोलताना तपासणीचा अहवाल हातात येईपर्यंत थांबू नका. डॉक्टरांची चिठ्ठी पुरते. दुपारी १५ मिनिटं झोपायला जागा, एवढंच मागा. दहावीचा पेपर ११ला सुरू होतो. शेवटची झोप घरी साडेनऊला होईल अशी आतापासून सवय लावा.

बायकांसाठी एक सांगायचं राहिलं. मोडाफिनिलमुळे गर्भनिरोधक गोळ्यांचा परिणाम कमी होतो, आणि ते औषध बंद केल्यावरही महिनाभर हे लक्षात ठेवावं लागतं. मला हे औषधासोबतच्या चिठ्ठीवरून कळलं. मूल हवं असेल तर आधीच डॉक्टरांशी बोलून औषध थांबवायचं असतं. माझे ते महिने फार अवघड गेले. दिवसातून पाच वेळा झोपायचे, नोकरीतून बिनपगारी रजा घेतली होती. पण गेले.

टेम्सकाठ
२७ सप्टेंबर, पहाटे ४:१०

मी लंडनजवळ राहतो, मूळ रत्नागिरीचा. इथे निदान झाल्यावर वाहन परवाना देणाऱ्या डीव्हीएलए या खात्याला कळवणं कायद्याने बंधनकारक आहे. मी कळवलं, परवाना गेला. औषधाने झोप आटोक्यात आहे असं डॉक्टरांनी लिहून दिल्यावर बऱ्याच महिन्यांनी परत मिळाला. ते महिने मी बसने कामाला गेलो. राग आला होता, पण आता वाटतं, बरं झालं कुणीतरी माझ्या वतीने ठरवलं.

२००९च्या स्वाइन फ्लूच्या साथीनंतर इथे या आजाराची बरीच चर्चा झाली. युरोपात वापरलेल्या पँडेम्रिक्स या एका लसीनंतर फिनलंड आणि स्वीडनमध्ये मुलांत नार्कोलेप्सीचं प्रमाण वाढलेलं आढळलं. चीनमध्ये ती लस नसतानाही साथीनंतर रुग्ण वाढले होते. त्यावरून प्रतिकारशक्तीच्या गोंधळाची शंका बळावली. मुलांना बाकीच्या लशी द्यायच्या थांबवू नका.

काळीमाती
२७ सप्टेंबर, सकाळी ७:००

गाडीचा विषय निघाला म्हणून लिहितो. मी आधी टेंपो चालवायचो, कराडहून वाशीला भाजी. एका पहाटे खंबाटकी घाटात दुभाजकाला घासून थांबलो. मागं क्लीनर झोपला होता, त्याचं नशीब आणि माझं. दुसऱ्या दिवशी किल्ली मालकाला दिली. तेव्हा आजाराचं नावही माहीत नव्हतं, पण आपण स्टीअरिंगवर बसायचं नाही एवढं कळलं.

आपल्याकडं परवान्याच्या अर्जासोबत जे स्वतःचं आरोग्याचं घोषणापत्र असतं, त्यात फिट किंवा कुठल्याही कारणानं अचानक शुद्ध जाते का, चक्कर येते का, असं विचारलेलं आहे. सगळे डोळे झाकून "नाही" लिहितात. मीही लिहिलं होतं. कृपा करून तसं करू नका. आता माझं खत-बियाण्यांचं दुकान आहे. दुपारी शटर अर्धं खाली ओढतो, गोण्यांवर अर्धा तास पडतो. गिऱ्हाइकं थांबतात, त्यांना माहीत आहे.

दुसरा_प्रकार
२९ सप्टेंबर, रात्री १:२०

मी २८, पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये. मला कॅटाप्लेक्सी नाही, फक्त झोप. डॉक्टरांनी टाइप २ सांगितलं. पडत नाही म्हणून कुणाचा विश्वासच बसत नाही. मॅनेजर म्हणतो, आम्हालाही झोप येते. आधीच्या कंपनीत कॅमेऱ्यातला माझा झोपलेला फोटो काढून टीमच्या ग्रुपवर टाकला होता. मी सहा दिवसांनी राजीनामा दिला.

आता घरी स्थळं बघतायत. आईचं म्हणणं, लग्नानंतर सांगू. मला तसं करायचं नाही, पण सांगितलं की स्थळ परत जातं. कुणी अनुभव सांगेल का?

अबोली
२९ सप्टेंबर, रात्री ९:४५

माझं लग्न निदानानंतर झालं, ३०व्या वर्षी. आमच्या आईचंही हेच म्हणणं होतं. मी मुलाला दुसऱ्या भेटीत सांगायचं ठरवलं होतं, पहिल्या भेटीत नाही, कारण आधी त्याने मला बघावं असं वाटायचं. दोन स्थळं परत गेली. तिसऱ्याने ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग सिनेमा बघायचा कसा?" मी म्हटलं, मध्यंतरात १५ मिनिटं झोपते. तो म्हणाला, "मी गजर लावेन." त्याने अजूनपर्यंत लावलाय.

मी सांगते, आधी सांगा. लपवलेली झोप फार थकवते. ऑफिसात पहिली दोन वर्षं मी कुणाला काही बोलले नव्हते, स्वच्छतागृहात कमोडचं झाकण लावून, फोन मुठीत थरथरता ठेवून दहा मिनिटं झोपायचे. त्या झोपेने ताजं वाटायचंच नाही, कारण निम्मं मन दाराकडे असायचं. आजारापेक्षा तो पहारा जास्त जड होता. शेवटी डॉक्टरांचं पत्र घेऊन मनुष्यबळ विभागात गेले आणि २० मिनिटांची जागा मागितली. तेवढंच मागितलं, तेवढं मिळालं.

२०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकार आहेत. त्यांत दीर्घकालीन मेंदूविकारांचा एक प्रकार आहे, पण नार्कोलेप्सीचं नाव घेतलेलं नाही. म्हणून मी कायद्याची भाषा केली नाही. नाव असायला हवं, असं मला मनापासून वाटतं.

फोटोचं वाचून फार वाईट वाटलं. असं तुमच्याशी पुन्हा कुणी करू नये.

साधासरळ
३० सप्टेंबर, रात्री १०:३०

माझ्या हाताखालच्या मुलाशी बोललो. त्याला नार्कोलेप्सी नाही, झोपेत श्वास अडकण्याचा त्रास निघेल असं डॉक्टरांना वाटतंय, तपासणी व्हायचीय. पण तो म्हणाला, "सर, चार वर्षांत कुणी पहिल्यांदाच कारण विचारलं."

अबोली
कोजागिरीची रात्र, १२:५०

सासूबाईंबद्दल लिहीन म्हटलं होतं.

माझ्या माहेरी कोजागिरीला सगळी गच्चीवर असायची. लक्ष्मी रात्री फिरते आणि "को जागर्ति", कोण जागं आहे, असं विचारते, हे आजी दरवर्षी सांगायची. मी दरवर्षी झोपलेली असायचे. लहानपणी तिचं ते बोलणं माझ्या मनाला फार लागलं होतं. लग्नानंतरही कोजागिरीला मी डोकं दुखतंय सांगून खोलीत जायचे.

या वेळी मी हा धागा छापून सासूबाईंना वाचायला दिला. त्यांना मोबाइलवर वाचता येत नाही. त्यांनी चार दिवस घेतले, काही बोलल्या नाहीत. आज संध्याकाळी ऑफिसातून आले तर म्हणाल्या, "ते कुस्तीवाले गृहस्थ पडले तेव्हा लोक दारू प्यायला म्हणाले ना. मीपण तुला तसंच काहीतरी म्हणत होते." मग म्हणाल्या, "आत्ता झोप. दूध मी आटवते."

मी साडेनऊ ते दहा झोपले. पुन्हा अकराला झोपले. साडेअकराला त्यांनीच येऊन उठवलं, "ऊठ, चंद्र दुधात उतरलाय." गच्चीवर सगळ्यांबरोबर केशराचं दूध प्यायले. कठड्यापासून लांब, चटईवर बसून. लेकीने पतंगाची गोष्ट सांगितली, मी हसले, मान नवऱ्याच्या खांद्यावर पडली, परत वर आली. कुणी कांदा आणायला धावलं नाही.

काळीमाती
दुसऱ्या दिवशी, सकाळी ६:३०

ताई, तुमच्या सासूबाईंना माझा नमस्कार सांगा.

नाशिकची_आई
दुसऱ्या दिवशी, सकाळी ११:००

आम्हाला तपासणीची तारीख मिळाली, पुढच्या गुरुवारी रात्री आणि शुक्रवारी दिवसभर. डायरी भरून झालीय, १४ दिवसांत दिवसा ५१ वेळा डोळा लागला. लेक घाबरलीय. सोबत काय न्यायचं?

अबोली
दुसऱ्या दिवशी, दुपारी १२:१५

तिची घरचीच उशी न्या, आणि पुढून बटणं असलेला सैल सदरा, कारण डोक्याला तारा लावल्यावर डोक्यातून कपडा काढता येत नाही. आदल्या रात्री केसांना तेल लावू नका, तारा चिकटत नाहीत. चहा, कॉफी, चॉकलेट त्या दिवशी अजिबात नको. केस धुवायला शांपू न्या, नंतर डोक्यात चिकट लेप राहतो.

शुक्रवारी दोन झोपांच्या मधल्या वेळेत तिला झोपू देणार नाहीत. तोच भाग सगळ्यात अवघड असतो. वाचून जाग राहत नाही, फोन बघूनही राहत नाही. तिच्याशी बोलत, तिला व्हरांड्यातून चालवत ठेवणारं माणूस हवं. कामावरून रजा काढा आणि तुम्हीच थांबा तिच्याबरोबर.